चालता येणाऱ्यांसाठी एक खोली

४ फेब्रुवारी, मंगळवार

भोंगा गेली! सकाळी फोनवर एक ओळ – 'मॅडम उद्यापासून जमणार नाही.' उद्यापासून म्हणे, आणि आजच आली नाही. आईच्या उशाशी बसून दिवसभर घसा फोडून फोनवर बोलायची म्हणून मी तिला मनात भोंगा म्हणत असे. परवा ते तोंडातून निघालं. लागलं असेल तर लागो. आजारी माणसाच्या खोलीत आवाज कसा हवा हे सांगितलं, तर मी काय पाप केलं?

एजन्सीला फोन लावला. आधी यंत्र बोललं, एक दाबा, चार दाबा. मग एक मुलगी. 'मॅडम, सध्या मुलीच नाहीत. सगळ्या बाहेरदेशी चालल्यात, तिकडच्या म्हाताऱ्यांकडं.' म्हटलं, मग इकडच्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? 'आणि मॅडम, खरं सांगू का? तुमच्या पत्त्यावर यायला कुणी तयार नसतं.' का? चौथा मजला आहे, लिफ्ट आहे! 'लिफ्टचं काही नाही हो मॅडम,' म्हणाली आणि ठेवला फोन.

उद्धटपणा! माझ्या वसतिगृहात असती तर आठवडाभर फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

म्हणजे पुन्हा सगळं माझ्या अंगावर. अंघोळ, बेडपॅन, गोळ्या, भरवणं. आई एक्याण्णव, मी अडुसष्ट. माझा गुडघा कुणी विचारत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आई चमच्यानं वाटी वाजवते. हाक मारायला घसा दुखतो म्हणे. वाटी काढून घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

भावांची साप्ताहिक हजेरी झाली. दादा पडद्यावर, परदेशातल्या त्याच्या उबदार खोलीत. स्वतः बहात्तर, गुडघा नवा बसवलेला, तोच कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होता. मागून वहिनींचा हात आला आणि त्याच्या तोंडात गोळी टाकून गेला. धाकटा ह्याच शहरात, दुसऱ्या टोकाला. तोही पडद्यावरच! यायला गाडी मिळत नाही, आली तर पार्किंग नाही, पार्किंग मिळालं तर त्याची पाठ धरते.

'तुझ्यासारखं आम्हांला जमणार नाही,' दादा म्हणाला. 'तुझा हातखंडा आहे, आयुष्यभर रेक्टर होतीस.' कसला हातखंडा? अठरा वर्षांच्या पोरी सांभाळायचा! त्या निदान सुटीत घरी तरी जायच्या.

आईला पडद्यासमोर धरलं. दोघांना बघून ती खुलली. 'जेवलास का रे?' दोघांना विचारलं. मला गेल्या दोन वर्षांत विचारल्याचं आठवत नाही. मीच भरवते, म्हणून तिला वाटत असेल की माझंही पोट त्यातच भरतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईला औषध देऊन, उठायचं नाही अशी ताकीद देऊन बाहेर पडले. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, तेव्हापासून नियम एकच: मी धरल्याशिवाय पाय जमिनीला लागता कामा नये. पाळते. तेवढं एक चांगलं आहे.

बँकेतली खिडकी बंद झालीय. तिथं पडदा लावलाय. बोट लावा, चेहरा दाखवा. तीन वेळा चेहरा दाखवला, तिन्ही वेळा 'पुन्हा प्रयत्न करा.' शेजारच्या यंत्रापुढं एक गृहस्थ टोपी काढून, चष्मा काढून, दात विचकून उभे होते. 'हसून बघा,' मला म्हणाले, 'मला काल हसल्यावर ओळखलं.' मी हसले नाही. घरी आले.

आमच्या इमारतीखाली पाळणाघर होतं. आता तिथं मोठ्या माणसांच्या लंगोटांचं दुकान आहे. भिंतीवरचा जिराफ तसाच. त्याच्या पायाशी व्हीलचेअरी घडी करून ठेवल्यात. समोरची सायकलवाल्यांच्या गाळ्यांची रांग पाडली, काचेचा मनोरा चढतोय. त्यावर भलंमोठं चित्र, पांढऱ्या केसांचं एक जोडपं धावतंय! पळताहेत कुठं, कोण जाणे. घरी आई नसणार त्यांच्या.

वर्तमानपत्रात लेख आहे, 'आपला समाज म्हातारा होतोय.' लिहिणाऱ्याचा फोटो जेमतेम पस्तिशीचा. आकडे, आलेख, धोरण. ज्या बाईची आई जिवंत आहे तिनं म्हातारं कधी व्हायचं, ह्यावर एक शब्द नाही. मला म्हातारं व्हायला सवड नाही! कुणाची तरी मुलगी आहे मी अजून. ह्या वयात!

लेख जिराफाच्या दुकानात रद्दी म्हणून दिला. त्यांना बांधायला कागद लागतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निवासातून फोन आला!

इथं लिहायला हरकत नाही. टेकडीपलीकडच्या त्या ज्येष्ठ निवासात मी नाव घातलं होतं, घरी कुणालाही न सांगता. एक खोली रिकामी झालीय. कशी रिकामी झाली ते विचारलं नाही. तिथून खोल्या एकाच कारणानं रिकाम्या होतात.

मी ती खोली पाहिलीय. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, पूर्वेला खिडकी. दुसरी खुर्ची ठेवायला जागाच नाही. तेव्हाच ठरवलं, हीच! जेवणाची घंटा वाजते, आपण जायचं, आयतं जेवायचं, परत यायचं. दार लावलं की दार लावलेलं. पलीकडून कुणी बोलवायचं नाही.

अट एकच. स्वतःच्या पायांनी चालणारी, स्वतःचं सगळं करणारी माणसं घेतात. पुढच्या शुक्रवारी चाचणी. तिथं नापास झालात की खोली यादीतल्या पुढच्या माणसाकडं जाते, आणि पुन्हा नंबर लागेपर्यंत कोण कुठं असेल ते सांगता येत नाही.

मला ही खोली हवी आहे. इतकं काही मला आयुष्यात हवं झालेलं नाही. लग्नसुद्धा!

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याला फोन. म्हटलं, आईला ने. आधी त्यानं स्वतःच्या पाठीचं सांगितलं. मग – 'ताई, आईला तुझी सवय आहे गं.' म्हटलं, तुझीही लागेल. 'आमचं घर लहान.' तीन खोल्यांत दोन माणसं आणि एक मासळ्यांची काचपेटी! ती पेटी काढ, तिथं पलंग बसेल, म्हटलं. तो म्हणाला, 'तू ना, कधी कधी अगदी –' वाक्य पुरं केलं नाही. लहानपणापासून ह्याची वाक्यं अशीच. वाक्यं काय, कामं काय.

मग मागून त्याच्या बायकोचा आवाज. 'अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळी जागा असते म्हणावं. चौकशी करा म्हणावं.' फोनवर न येता सगळं बोलायची कला आहे तिच्याकडं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आईला सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही.

'मी निवासात राहायला जाणार आहे.'
'बरं. किती वाजता येशील?'
'येणार नाही. कायमची जाणार.'
बराच वेळ छताकडं बघत राहिली. मग – 'मग मला कुठं टाकणार?'
'टाकायला तू काय कचरा आहेस?'
'बरं, ठेवणार कुठं?'
'बघतोय आम्ही.'
'आम्ही म्हणजे कोण? तू एकटीच तर बघत असतेस.' आणि वर म्हणते, 'केस विंचर गं. असं जाऊ नकोस तिथं, घेणार नाहीत.'

चिडून खोलीबाहेर आले. आरशात पाहिलं. केस खरंच विस्कटलेले होते. त्याचाच जास्त राग आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्यासाठी कुणीही मिळत नाही. धाकट्याची पाठ धरलीय. अर्थात! आईला बरोबर न्यावं लागणार. चाचणी द्यायला निघालेय मी, आणि पुढं ढकलायची खुर्ची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट, क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

लांब मार्गिका, जमिनीवर पिवळी रेघ, दोन टोकांना दोन खुर्च्या. चाचणी घेणारी फिजिओ पंचविशीची पोरगी. 'या आजी, बसा.'
'आजी कुणाला म्हणतेस?'
'सॉरी, मावशी.'
'मावशीही नाही. मॅडम.'
मागं खुर्चीत आई फिस्सकन हसली.

खुर्चीतून हात न टेकता उठले. रेघेवरून गेले, वळले, आले, कवायतीला जातात तशी. गुडघा आतून ठणकत होता, चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यांनी दिलेल्या सदऱ्याची बटणं लावून दाखवली. आजची तारीख सांगितली, आणि तुमचं भिंतीवरचं पान अजून जानेवारीचं आहे, तेही सांगितलं. पोरगी उठून पान फाडायला गेली. सगळं उत्तम चाललं होतं.

मग तिथला व्यवस्थापक आला. ह्याला गोडबोल्या म्हणायला हवं, जिभेवर साखरच ठेवतो. 'वा मॅडम, तुमच्यापुढं आम्हीच म्हातारे! एकच विचारायचं राहिलं. तुमच्यावर अवलंबून कुणी?'

सगळे आईच्या खुर्चीकडं बघायला लागले.

'तिची व्यवस्था होतेय,' मी म्हटलं.
'कुठं, मॅडम?'
'होतेय म्हटलं ना!'
'रागावू नका हं. मागं एक काका असंच म्हणाले, आणि महिन्याभरात त्यांच्या थोरल्या बहिणीला कुणीतरी आमच्या फाटकाशी आणून सोडलं. बॅगेसकट.'

तेव्हा आई बोलली. 'मी नाही कुणावर अवलंबून.'

'आई, गप्प बस.'

फिजिओ तिच्यासमोर उकिडवी बसली. 'आजी, चालता येतं तुम्हांला?'
'येतं की.'
'मग ह्या खुर्चीत का?'
आईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. 'परवानगी नाही ना.'

आणि उठली! दोन्ही हात टेकून, हळूहळू, पण उठली. मी ओरडले, पडशील! फिजिओनं नुसता हात वर केला, मला थांबवायला. आई रेघेवर उभी राहिली. अंधारात दिव्याचं बटण शोधतात तसा एक हात पुढं धरून चालायला लागली. पलीकडच्या खुर्चीला शिवली. वळताना डगमगली. मी धावले, तर 'हात लावू नका, मॅडम!' ती पोरगी माझ्यावर ओरडली. माझ्या आईला हात लावायला मला मनाई! आई परत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'बटणं पण लावू का?'

कधीपासून? विचारलं.
'तू बाहेर गेलीस की खिडकीपर्यंत जाऊन येते. आणि ती मुलगी होती ना, मोठ्यानं बोलायची, ती असली की तू घरात असतानाही. तिच्या आवाजात माझी पावलं ऐकू यायची नाहीत तुला.'

म्हणजे भोंगा! म्हणजे ते सगळं फोनवरचं बोलणं! दोन वर्षं मी पॅन उचलतेय, कंबरेचा काटा ढिला झाला, आणि ह्या दोघी माझ्या पाठीमागं येरझाऱ्या घालताहेत!

'मला सांगितलं का नाहीस?'
'तू म्हणालीस उठायचं नाही. म्हणून तुझ्यासमोर नाही उठले.'

गोडबोल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आई त्याला म्हणाली, 'खोली एकच आहे का हो?'
'सध्या एकच, आजी.'
मी भडकले होते. म्हटलं, 'द्या हिलाच! बघू किती दिवस टिकते!'
'चालेल,' आई म्हणाली. एका क्षणाचाही विचार केला नाही. चहा घेणार का विचारल्यावर म्हणतात तसं.

मी रागानं बोलले होते. पण कचेरीत राग लिहून घेत नाहीत, नाव लिहून घेतात. घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक शब्द बोलले नाही तिच्याशी. तीही नाही. दुपारी माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, उठून संडासला गेली. कडी लावली आतून!

२३ फेब्रुवारी, रविवार

दादा पडद्यावर रडला. 'आई चालते! कमाल आहे!' धाकटा म्हणाला, 'ताई, किती छान तोडगा काढलास!' मी काढला? मी काही काढलेलं नाही. माझी खोली गेली! हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. शेवटी मी पडद्यावर उशी ठेवली. उशीखालून दोघं बोलत होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आईला पोहोचवलं. सामान दोन पिशव्या. धाकटा आज आला, पाठ ठीक, पार्किंगही मिळालं.

खोली तीच. पूर्वेची खिडकी. मी पलंग ओढून भिंतीला लावला, गोळ्या वारांप्रमाणं मांडल्या, रात्री पाणी पिऊ नकोस, सांगितलं. न विचारता उठू नकोस म्हणायला गेले आणि जीभ चावली. आई खिडकीशी उभी होती, पाठमोरी. 'जा आता,' म्हणाली, 'तुला उशीर होईल.' कशाला उशीर? माझी वाट बघणारं घरी कोण बसलंय?

२ मार्च, रविवार

आठ वाजेपर्यंत झोपले. कुणी उठवलं नाही. चादरी धुवायच्या नाहीत. भात मऊ करायचा नाही. मनसोक्त वाचलं. मग सगळं घर पुसून काढलं. मग पुन्हा पुसलं.

हेच तर हवं होतं. दार लावलं की दार लावलेलं.

आईचा फोन नाही. मी करणार नाही. करू दे ना तिला! चार दिवस मौज वाटते, मग कळेल. तिथं कुणाला ठाऊक आहे की तिला डाव्या कुशीवर झोप लागत नाही? आठवडाभरात म्हणेल, ने मला. तेव्हा मीही छताकडं बघत बसेन थोडा वेळ.

५ मार्च, बुधवार

लिफ्टमधल्या त्या बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजाला आज उत्तर दिलं. 'दरवाजा बंद होत आहे.' म्हटलं, होऊ दे. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर बघत होता. कानात फोनची बोंडं होती, ऐकू आलं नसावं.

८ मार्च, शनिवार

फोन आलाच नाही. म्हणून गेले. तपासणी म्हणून, दुसरं काही नाही.

आई खोलीत नव्हती! मोठ्या दालनात चौघांत पत्ते खेळत होती. एक निवृत्त आगगाडी-चालक, दोन बायका. समोरच्याचे पत्ते सरळ सरळ वाकून बघत होती. तो म्हणाला, 'ओ, आजीबाई, डोळे आपल्या पत्त्यांवर ठेवा!' 'मला दिसतंय कुठं,' आई म्हणाली, आणि बरोबर पत्ता टाकला. सगळे हसले. ती सगळ्यात मोठ्यानं. हे हसणं मी ऐकलेलंच नव्हतं. किंवा फार पूर्वी, वडील असताना.

मी जवळ गेले. 'अंगावर शाल का नाही? पाय खाली लोंबताहेत, सुजतील! गोळी घेतलीस?' आईनं पत्ते खाली ठेवले. डाव अर्धा होता. हात मांडीवर घेऊन बसली. आगगाडीवाला माझ्याकडं बघत होता. ह्याला कुणी विचारलंय?

निघताना फिजिओ भेटली. 'मॅडम, आजी छान रुळल्या. फक्त पहिल्या आठवड्यात एक व्हायचं. संडासला जायचं असलं की हात वर करून बसून राहायच्या. आम्हांला कळायचंच नाही का ते. आता नाही करत.'

चांगल्या सवयीला हसायचं काय त्यात? तसं तिला सुनावलं. बसमध्ये बसल्यावर मात्र बराच वेळ तोच वर केलेला हात दिसत राहिला. उतरायचा थांबा चुकला. पुढं उतरून चालत आले.

११ मार्च, मंगळवार

तिथं शिस्त नाही. शाल नाही, वेळा नाहीत, पत्त्यांत लबाडी. आईला घरी आणायचं. ठरलं.

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्री आला होता. न्हाणीघरात, मार्गिकेत, पलंगाशी धरायला दांडे बसवून घेतले. पहिला दांडा उंच लावला. म्हटलं, माझ्या मापानं नको, माझ्या आईच्या खांद्याच्या मापानं लाव, ती एवढी आहे. हात धरून दाखवला. 'आजी चालतात?' विचारतो. चालते, म्हटलं, सगळीकडं चालते, तू दांडा बसव! दोनदा काढायला लावला, तिसऱ्यांदा बरोबर बसला. जाताना पुटपुटत गेला. पुटपुटू दे.

मी स्वतः धरून खिडकीपर्यंत जाऊन पाहिलं. मला थोडं वाकावं लागतं.

तिच्या खोलीत एक जादा खुर्ची ठेवलीय. पत्ते आणलेत. मला येत नाहीत. शिकवेल.

१६ मार्च, रविवार

गेले होते. आईला म्हटलं, चल घरी. दांडे लावलेत, हवं तेव्हा ऊठ, हवं तिथं जा, मी काही म्हणणार नाही.

तिनं माझे केस कानामागं सारले. 'आले असते गं,' म्हणाली. 'पण तिथं तू असतेस.'